चाकांची खुर्ची आणि विहाराची पायरी



धम्मदीक्षा घेतल्यावर आपण घरातील देव्हारा हलविला, नवससायास सोडले, सणवारांची उजळणी केली. हे सर्व योग्यच झाले. परंतु पडवीतील बाजेवर जो मनुष्य बसून आहे, ज्याचे पाय अर्धांगाने, संधिवाताने, मणक्याच्या दुखापतीने अथवा केवळ वार्धक्याने थकले आहेत, त्याच्याविषयीचा आपला विचार बदलला आहे काय? पुष्कळ घरांतून अद्यापही त्याच्याविषयी बोलताना 'भोग' हा शब्द सहज तोंडी येतो. 'त्याचे भोग आहेत, भोगून संपवील' असे म्हणून त्याला बाजेवर ठेवले जाते, आणि चाकांची खुर्ची आणण्याची गोष्ट निघालीच तर कोणी तिला चैन म्हणतो, कोणी लाज म्हणतो. माझे म्हणणे असे आहे की, बौद्ध कुटुंबात ही खुर्ची चैनही नव्हे, लाजही नव्हे आणि भिक्षा तर मुळीच नव्हे. ती त्या माणसाचा हक्क आहे, आणि ती कोणती घ्यावी हा भावनेचा नव्हे तर प्रज्ञेचा प्रश्न आहे.

प्रथम त्या 'भोगा'चा निकाल लावू. पूर्वजन्मीच्या पापाने या जन्मी शरीर पंगू होते, ही शिकवण ज्या तर्काने दिली गेली त्याच तर्काने आपल्या वाडवडिलांना अस्पृश्यताही पूर्वसंचिताचे फळ म्हणून सांगितली गेली होती. एक नाकारायची आणि दुसरी जवळ ठेवायची, हे चालणार नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा वारसा सांगणारा सिद्धांत बुद्धाच्या शिकवणुकीशी विसंगत म्हणून बाजूला सारला आहे. अतिसाराने खितपत पडलेल्या आणि सोबत्यांनी टाकून दिलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः स्नान घातले, उचलून शय्येवर ठेवले, आणि आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा होय असे संघाला बजावले. त्याला कोणत्या पापाचे हे फळ, असे विचारले नाही. कोसंबीच्या राणी सामावतीची दासी खुज्जुत्तरा ही कुबडी होती. परंतु धम्म सांगणाऱ्या उपासिकांत तिला अग्रस्थान मिळाले.

लाजेविषयी तर एकच आठवण पुरे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षासमारंभाच्या व्यासपीठावर बाबासाहेब आले ते एका हातात काठी घेऊन आणि दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर ठेवून. मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी त्यांचे शरीर जर्जर झाले होते. आधार घेऊन आलेल्या त्या पुरुषाने लाखो माणसांना स्वतःच्या पायांवर उभे केले. तेव्हा आधार घेणे म्हणजे कमीपणा, असे निदान त्यांच्या अनुयायांनी तरी म्हणू नये.

आता निवडीकडे वळू. 'कोणती खुर्ची चांगली?' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणासाठी, कोठे जाण्यासाठी आणि कोणत्या वाटेवर, हे तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. आणि त्यांची उत्तरे जो बसणार आहे त्याने अथवा तिने द्यावयाची आहेत. मुलगा ठरवितो, जावई ठरवितो, शिबिरातील पुढारी ठरवितो आणि बसणारी म्हातारी गप्प राहते, हा प्रकार आपल्याकडे नित्याचा आहे. तो बंद करा.

आमचे पाली हे गाव धुळे–सोलापूर महामार्गावर, बीडपासून थोड्याच अंतरावर, बिंदुसरेच्या धरणालगत आहे. गावाचे नाव तथागतांच्या वचनांच्या भाषेचे, एवढाच काय तो योगायोग. बाकी वाटा मराठवाड्यातील कोणत्याही गावासारख्याच. महामार्ग गुळगुळीत, वस्तीतील बोळ खडबडीत आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. रुग्णालयाच्या फरशीवर सुरेख धावणारी खुर्ची या बोळात अडते, कारण तिची पुढची चाके लहान असतात. ती खड्यात रुततात आणि बसणारा पुढे कलंडतो. सबब गावासाठी पुढची चाके शक्य तितकी मोठी व रुंद पाहावीत. हवा भरलेली चाके धक्के कमी देतात, पण पंक्चर होतात. भरीव चाके पंक्चर होत नाहीत, पण दगडावर अंग खिळखिळे करतात. गावातील सायकल दुरुस्त करणारा ज्या चाकाला हात घालू शकेल ते चाक आपले, असा साधा नियम धरावा.

ज्याचे हात धड आहेत त्याला मागे मोठी चाके व त्यांवर हाताने फिरविण्याची कडी असलेली खुर्ची द्यावी. चारही चाके लहान असलेली खुर्ची दुसऱ्याने ढकलल्याखेरीज हलत नाही. ती दिल्याने तुम्ही त्याला परावलंबी करता. मापाचेही तसेच. बैठक नितंबांच्या रुंदीहून एखादा इंच अधिक असावी. फार रुंद झाली तर शरीर एका बाजूस झुकते. बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहावे. पाय पायपट्टीवर टेकावेत, लोंबकळू नयेत. खुर्ची विकत घेण्यापूर्वी घराचे दार मोजा. १८ इंचांच्या बैठकीची खुर्ची चाकांसह २५-२६ इंच भरते. दोन फुटी चौकटीतून ती आत येणार नाही. रमाई आवास योजनेतून अथवा अन्य योजनेतून ज्यांचे घरकुल उभे राहत आहे त्यांनी चौकट बसण्यापूर्वीच, संडासाच्या दारासह, किमान तीन फुटांची रुंदी धरावी. चौकट बसविताना जो बदल फुकटात होतो, त्यालाच पुढे भिंत फोडावी लागते.

गादीची गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. ज्याच्या कमरेखालची संवेदना गेली आहे त्याला टोचले, दुखले हे कळत नाही. नुसत्या रेक्झिनवर तासन्‌तास बसल्याने त्याला जखम होते, ती हाडापर्यंत जाते आणि माणूस दगावूही शकतो. चांगली गादी आणि दर अर्ध्या तासाच्या आत अंग उचलून भार बदलणे, या दोन गोष्टी खुर्चीइतक्याच आवश्यक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत मोजमाप, खुर्ची बसवून पाहणे, वापर शिकविणे आणि पुढची देखभाल या सर्वांना स्थान आहे. खुर्ची हातात देऊन निरोप घेणे म्हणजे सेवा नव्हे.

बॅटरीवर चालणाऱ्या बैठ्या स्कूटरचे आकर्षण तरुणांना स्वाभाविकपणे वाटते. ज्याला घरात चार पावले चालता येते पण बाजारापर्यंत जाता येत नाही, ज्याची पाठ ताठ राहते, ज्याचे हात व दृष्टी ठीक आहेत आणि जो स्वतः चढू-उतरू शकतो, त्याला ती खरोखर उपयोगी आहे. परंतु ती लांब असते, स्वयंपाकघरात वळत नाही. तिला रोज वीज लागते, काही वर्षांनी नवी बॅटरी लागते, आणि ती बिघडली तर दुरुस्तीसाठी मोठ्या शहराकडे पाहावे लागते. ज्याचे धड सावरत नाही त्याला ती धोक्याचीच. हाताने फिरविण्याची तीनचाकी सायकल आपल्या खेड्यांत जुनी आहे. सशक्त हातांच्या माणसाला कच्च्या वाटेवर ती पुष्कळदा अधिक उपयोगी पडते. बाजूला चाके लावलेल्या पेट्रोलच्या स्कूटरविषयी कायद्याचे एक सांगणे आहे: ते मोटार वाहन आहे, नोंदणी, परवाना व विमा यांवाचून ते रस्त्यावर आणू नये, आणि चाके लावल्याची नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी. एरवी अपघात झाल्यास विमा कंपनीला हात झटकण्याची आयती संधी मिळेल.

'खुर्ची दिली की माणूस चालायचे सोडतो' असा आक्षेप वडीलधारी मंडळी घेतात. त्यात तथ्यांश आहे. म्हणून वैद्य व व्यायामोपचारतज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा आणि जेवढे चालवते तेवढे घरात चालत राहावे. पण जो मनुष्य पडण्याच्या भीतीने बाजेवरून उतरतच नाही, त्याचे चालणे खुर्चीवाचूनच सुटलेले असते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी चाकांच्या खुर्चीवर बसून १९८४ साली अपंगांसाठी संस्था उभारली आणि आपल्या आत्मकथेला त्या खुर्चीचेच नाव दिले. खुर्चीने त्यांना बसवून ठेवले नाही.

पैशाचा प्रश्न खराच आहे; पण येथे कायदा तुमच्या बाजूस आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. जिल्हा रुग्णालयातून ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र व त्यासोबतचे ओळखपत्र प्रथम मिळवा. केंद्र शासनाची साहाय्यक साधने देण्याची 'एडिप' योजना १९८१ पासून चालू आहे. ठरावीक उत्पन्नमर्यादेत खुर्ची विनामूल्य मिळते, आणि ती बहुधा १९७२ साली स्थापन झालेल्या कानपूरच्या सरकारी कारखान्याकडून येते. साठ वर्षांवरील गरीब वृद्धांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. शिवाय ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाचे ५ टक्के अपंगांच्या कल्याणासाठी खर्च केले पाहिजेत, असा राज्य शासनाचा आदेश आहे. ग्रामसभेत उभे राहून विचारा: गेल्या वर्षीचे ५ टक्के किती झाले आणि कोठे खर्च झाले? उत्तर तोंडी मिळाले तर लेखी मागा.

नवदीक्षितांनी मनात आणू नये अशी एक शंका येथेच दूर करतो. हा हक्क अपंगत्वावरून मिळतो, धर्मावरून नव्हे. धर्मांतराने त्यात एका अक्षराचाही फरक पडत नाही. अनुसूचित जातीच्या सवलतींचा प्रश्न वेगळा आहे, आणि तोही १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांच्या बाजूने सुटलेला आहे.

मात्र शिबिरात मिळेल ती खुर्ची हार घालून घेऊ नका. एडिप योजनेत एकदा साधन घेतले की त्याच कारणासाठी सामान्यतः तीन वर्षे पुन्हा मिळत नाही. बेमाप खुर्ची घेऊन ती अडगळीत टाकली, म्हणजे तीन वर्षांचा हक्क अडगळीत टाकला. माप घेण्याचा आग्रह धरा. आग्रह धरणारा कृतघ्न ठरत नाही, कारण येथे कोणी दाता नाही आणि कोणी याचक नाही.

आणि आता शेवटची, थोडी कटू गोष्ट. समजा योग्य खुर्ची मिळाली. तिच्यात बसून मनुष्य जाणार कोठे? शाळेला पायऱ्या, ग्रामपंचायतीला पायऱ्या, आणि आपल्या विहारालाही पायऱ्या. मूकनायकाच्या पहिल्याच अंकात, ३१ जानेवारी १९२० रोजी, बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या अनेकमजली मनोऱ्याची उपमा दिली. १९२७ साली महाडला आपण चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरलो, १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात उभे राहिलो. ज्यांना पायरीने इतकी वर्षे अडविले, त्यांनी आपल्या विहाराची पायरी कोणाला अडविते याचा विचार करू नये काय?

अधिनियमातील 'सार्वजनिक इमारत' या व्याख्येत लोकांच्या वापरातील खाजगी इमारतीही येतात आणि धार्मिक कार्याच्या इमारतींचा तीत स्पष्ट उल्लेख आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती; ती २०२२ सालीच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे. आणि केंद्राला सक्तीचे निकष करण्याचा आदेश दिला. परंतु शासनाला कायदा दाखविण्यापूर्वी आपले अंगण स्वच्छ असले तर आपल्या शब्दाला वजन येते.

उताराचा हिशेब सोपा आहे: एक इंच उंचीला एक फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर १८ फूट लांबीचा, कठडा असलेला, खरबरीत पृष्ठभागाचा उतार हवा. त्याला लागणारे सिमेंट व वाळू यांचा खर्च जयंतीच्या एका मिरवणुकीच्या ध्वनिक्षेपकाहून फारसा अधिक होणार नाही, आणि गवंडी तर आपल्याच वस्तीत आहेत.

म्हणून प्रत्येक विहार समितीने पुढील बैठकीत दोन ठराव करावेत. पहिला, वस्तीत ज्यांना चालणे अवघड आहे त्यांची यादी करून, त्यांना स्वतःला विचारून, प्रमाणपत्र व अर्ज यांचे काम सुशिक्षित तरुणांनी अंगावर घ्यावे. दुसरा, येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनापूर्वी विहाराचा उतार बांधून पुरा करावा. त्या दिवशी त्रिशरण-पंचशील घेताना बाजेवरचा तो म्हातारा अंगणात नव्हे, तर सर्वांच्या बरोबरीने आत, बुद्धमूर्तीसमोर असला पाहिजे.

जय भीम!