टपरीवर ठरलेलं

"समोरासमोर बसल्याशिवाय टीम होत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता जांभईसुद्धा येत नाही. हायब्रिड म्हणे! आठवड्यातले तीन दिवस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये घाला, संवाद आपोआप सुधारेल. अहो, कसा?

एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी १९७७ च्या पुस्तकात दाखवलं होतं, की इंजिनिअरांच्या टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने घटतं; ५० मीटरनंतर तर नावापुरतंच उरतं. साहेब लोक याचाच दाखला देतात. पण ५० मीटर म्हणजे किती हो? आमचा टेस्टिंगवाला त्याच इमारतीत, वेगळ्या मजल्यावर, दुसऱ्या टोकाला बसतो. ॲलनच्या हिशेबाने तोही नाशिकहून काम करणाऱ्या आमच्या सहकारी बाईंइतकाच लांब!

खरं दुखणं वेगळंच आहे. मीटिंग संपते, लॅपटॉप मिटतात आणि निर्णय होतो खाली टपरीवर, कटिंग पिताना. नाशिकला तो कळतो चार दिवसांनी, काम वाया गेल्यावर. वर त्यांनाच ऐकवायचं, "तुम्ही ऑफिसला येत नाही ना!"

टपरी बंद करा असं कोण म्हणतंय? (चहावर माझाही जीव आहे.) पण वर आल्यावर दोन ओळी लिहा ना: काय ठरलं, का ठरलं, कोण करणार. आणि एक जण जरी स्क्रीनवर असेल तर सगळ्यांनीच आपापल्या लॅपटॉपवरून बोला. खोलीतली कुजबुज त्या एका माइकला ऐकू जात नाही.

हे मी सुचवलं, तर उत्तर आलं, "गुरुवारी ऑफिसात बोलू यावर."