हिरवा दिवा काय सांगतो?

रास्पबेरी पाय हा पत्त्याएवढा संगणक 2012 साली आला. त्याला हार्ड डिस्क नाही. सारी कार्यप्रणाली नखाएवढ्या मेमरी कार्डावर. म्हणून तो सुरू झाला नाही की पहिला संशय कार्डावर घ्यावा, बोर्डावर नव्हे.

शेजारच्या वहिनींच्या मुलीने प्रोजेक्टसाठी साठवलेल्या पैशांतून जुना 'पाय 4' घेतला. टीव्हीला जोडला, तर पडदा काळाच. "होग्लि बिडु, फसलो आपण," म्हणत वहिनी तो अडगळीत टाकायला निघाल्या होत्या. म्हटलं, थांबा, आधी दिवे बघू. तांबडा स्थिर होता, म्हणजे वीज पोचत होती. हिरवा मात्र चारदा लुकलुकायचा, थांबायचा, पुन्हा चारदा. ही त्याची बोलीच आहे! चार म्हणजे सुरुवातीची फाइल सापडत नाही. सात म्हणजे कर्नल सापडत नाही. कार्ड लिहिलेलं 2018 साली आणि पाय 4 निघाला 2019 मध्ये. बिचाऱ्या कार्डाला हा बोर्ड ठाऊकच नव्हता.

'इमेजर' या मोफत प्रोग्रामने कार्ड नव्याने लिहिलं, शेवटची पडताळणीही पुरी होऊ दिली. पडदा उजळला, पण कोपऱ्यात विजेचं चिन्ह! मोबाइलचा चार्जर अपुरा पडत होता. याला 5 व्होल्ट, 3 अँपिअर लागतात. आणखी एक : जुनी पुस्तकं 'पाय' हे नाव नि 'रास्पबेरी' हा पासवर्ड सांगतात. तयार खात्याची ती सोय एप्रिल 2022 मध्ये काढली. आता दोन्ही आपणच ठरवायचं.

रात्री मुलीने मराठी आणि कन्नड असे दोन्ही कळफलक बसवले. आजींनी लगेच वाण्याची यादी टंकली. तांदूळ कन्नडात, पोहे मराठीत.