चेंडू आणि बदनामी

बेळगुंदीच्या शिवारात पोरांचा क्रिकेटचा डाव रंगला, की रडी कोण आणि दांडगट कोण याचा निवाडा चटकन होतो. आणि एकदा चिकटलेले नाव सहसा सुटत नाही. मोठ्या मैदानावरही तोच न्याय चालतो.

१७ मार्च १९६२ रोजी बार्बाडोस बेटावर भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या मस्तकावर चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू आदळला. त्या काळी फलंदाज शिरस्त्राण घालीत नसत. कवटी फुटली, शस्त्रक्रिया करावी लागली. बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर या सहकाऱ्यांनी आपले रक्त दिले. आणि वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनीही दिले!

त्याच सामन्यात पंचांनी ग्रिफिथ यांचा एक चेंडू ‘फेकी’ ठरवून नोबॉल दिला. मग काय विचारता! फेकीचा कलंक आणि जिवावर उठलेला गोलंदाज ही ख्याती, दोन्ही एकाच गाठोड्यात बांधली गेली. फेकीचा संशय निराधार होता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु हात वाकडा असणे निराळे आणि मन वाकडे असणे निराळे, हे वाचकांनीच पाहावे.

ज्यांचे मस्तक फुटले, त्यांची साक्ष काय? समोरच्या इमारतीतील खिडकी नेमकी त्याच वेळी उघडली आणि आपले लक्ष विचलित झाले, असे कॉन्ट्रॅक्टर सांगत आले. ग्रिफिथ यांना त्यांनी दोष दिला नाही. वास्तविक त्यानंतर एकही कसोटी सामना त्यांच्या वाट्याला आला नाही, आणि डोक्यात बसविलेली धातूची पट्टी निघाली ती साठ वर्षांनी, २०२२ साली.