चौघांच्या शिकारीला एकटी

चाळिशी ओलांडलेल्या बाईने व्हिडीओ गेमची नवी मालिका सुरू करावी का, हे आमच्या वसईतल्या सांडोरमध्ये कोणाला विचारायची सोय नाही. त्यातून ती मालिका चौघांनी मिळून खेळायची आणि ही बाई ती एकटीने खेळू बघतेय, म्हटल्यावर तर नाहीच नाही. म्हणून गेले बरेच दिवस मी स्वतःशीच वाद घालते आहे. आज तो तुमच्यासमोर मिटवून टाकते.

मालिकेचं नाव 'मॉन्स्टर हंटर'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने 2004 साली प्लेस्टेशन 2 वर तिचा पहिला भाग काढला. गोष्ट नावापुरती. एक अजस्र प्राणी असतो. त्याचा माग काढायचा, शेपटी फिरवण्याआधी तो मान कशी झुकवतो ते टिपायचं, दमला की कुठे जाऊन झोपतो ते लक्षात ठेवायचं आणि शेवटी त्याला आडवा करायचा. मग त्याच्याच खवल्यांचं आणि हाडांचं चिलखत करायचं आणि ते चढवून त्याहून मोठ्याच्या मागे लागायचं. हत्यारांचे 14 प्रकार आहेत आणि हत्यार बदललं की हात पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागतो. शिकारीला एका वेळी जास्तीत जास्त चौघं.

या चौघांनीच मालिकेला मोठं केलं. सोनीच्या पीएसपी या हातात मावणाऱ्या यंत्रावर ती आली तेव्हा जपानमध्ये पोरं आणि ऑफिसला जाणारे बाप्ये शेजारी शेजारी बसून, यंत्रं बिनतारी जोडून शिकार करू लागले. ट्रेनमध्ये, स्टेशनांवर, बर्गरच्या दुकानांत. 2010 मध्ये आलेल्या 'पोर्टेबल थर्ड' या भागाच्या एकट्या जपानात लाखो प्रती खपल्या. विरार लोकलने जाणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको. आपल्याकडे चौघांच्या मांडीवर एकच फोन असतो आणि त्यावर 'लुडो किंग'. नवी मुंबईतल्या कंपनीने 2016 मध्ये काढलेला तो खेळ नेटशिवाय, एकच फोन हातोहात फिरवत खेळता येतो. बोरिवलीला ज्याची सोंगटी मेली तो अंधेरीपर्यंत तोंड फुगवून बसतो. लोकलमधली माणसं मुळात खेळासाठी जमलेलीच नसतात. ती रोज त्याच डब्यात, त्याच दाराशी असतात, म्हणून खेळ होतो.

माझी तिथेच पंचाईत आहे. माझी माणसं आहेत, खेळणारी माणसं नाहीत. बरोबरीच्या मैत्रिणींपैकी एकीला क्वायरच्या तालमी, दुसरीला सासूचं दुखणं, तिसरी रोज लोकलने चर्चगेट गाठून परत येते आणि तिच्यात बोलायचंही त्राण उरत नाही. भाऊ टोरांटोला. त्याचं जेवणखाण आटोपून तो मोकळा होतो तेव्हा इथे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात आणि मी डबा भरत असते. राहता राहिला पुतण्या. त्याने एकदा मोबाईलवरच्या गोळीबाराच्या एका खेळात मला आपल्या चमूत घेतलं होतं. मी माइकवर "कुठे जायचंय?" एवढंच विचारलं. पलीकडून कोणीतरी अनोळखी म्हणाला, "अरे, ये तो आंटी है," आणि पुढचा सगळा डाव खेळाऐवजी माझ्यावरच रंगला. पुतण्याला लाज वाटली, मला राग आला. खेळणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी माइक कायमचा बंद ठेवतात. का, ते त्या दिवशी उमगलं.

एकटं खेळण्याबद्दल आमच्याकडे एक सुप्त संशय असतो. सांडोरमध्ये लग्न असो, सण असो, प्रार्थना असो की पावसाळ्यातला फुटबॉल, सगळं घोळक्याने होतं. बाई एकटी बसलेली दिसली की शेजारच्या मावशी डोकावतात. "काय गं, बरं नाही का?" हातात पुस्तक असेल तर माफी मिळते. गेम असेल तर मिळत नाही. मावशींना मी दोष देणार नाही. त्यांचं सगळं आयुष्य माणसांच्या गराड्यात गेलं आणि त्या गराड्यानेच त्यांना तारलं. पण 'मित्रांबरोबर खेळ, नाहीतर मजा नाही' असं बजावणारे मॉन्स्टर हंटरचे जुने खेळाडूही या मावशींचेच भाचे आहेत, असं मला वाटतं.

जोडीने खेळण्याचा मला अनुभव नाही असं नाही. आमच्या पिढीचा टीव्ही गेम म्हणजे पिवळ्या कॅसेटी आणि दोन रिमोट. पहिला रिमोट भावाचा, दुसरा माझा, आणि खेळ 'काँट्रा'. ज्यांनी तो खेळला आहे त्यांना धबधब्याची स्टेज आठवत असेल. पुढचा उड्या मारत वर गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि खाली राहिलेला फुकट मरतो. मी कायम खाली. भावाच्या लाइफ संपल्या की तो माझ्यातली एक उचलायचा. ती चोरी नव्हती, खेळातच तशी तरतूद होती. त्या दुपारी मजेच्या होत्या, नाही म्हणणार नाही. पण त्या खेळात माझ्या वेगाने मी एकही स्टेज पाहिली नाही. धबधब्याच्या मागे काय चितारलं आहे, ते मला चाळिशीत, एका व्हिडीओत दिसलं.

एकटीने खेळण्याची गोडी मला लावली ती पुण्याने. नॉडिंग हेड्स गेम्स या तिथल्या छोट्या कंपनीने 2020 मध्ये 'राजी: अॅन एन्शंट एपिक' काढला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली राजी नावाची मुलगी. दुसरा रिमोट नाहीच. किल्ल्यांच्या भिंतींवरची चित्रं, कमानी, जाळ्या बघत मी तो इतका रेंगाळत खेळले की पुतण्या वैतागला. लढायांत मला फार गती नव्हती, आणि खेळ छोटा असल्याने पटकन संपला याची रुखरुखही लागली. काहीतरी लांबलचक, वर्षभर पुरेल असं हवं, हे तेव्हाच डोक्यात बसलं.

लांबलचक मालिका एकटीने धरायची तर मी आता एक गोष्ट आधी पाहते. खेळ कोणाच्या भरवशावर चालतो? जोडीदारांच्या, कंपनीच्या सर्व्हरच्या, की माझ्या? 'डेस्टिनी 2' या ऑनलाइन खेळाचं उदाहरण घ्या. हा खेळ 2017 मध्ये ज्या कथेने सुरू झाला तीच कथा कंपनीने नोव्हेंबर 2020 मध्ये खेळातून काढून टाकली. आज तिथे जाणारा नवखा माणूस आठव्या अध्यायात येऊन उभा राहतो आणि पहिले अध्याय कुठे म्हणून विचारतो. 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ तर एकट्याने चालवायलाही सर्व्हर लागायचा. 31 मार्च 2024 ला युबिसॉफ्ट कंपनीने सर्व्हर बंद केला आणि पैसे मोजून घेतलेला खेळ कोणालाच उघडेना. त्यावरून युरोपात ग्राहकांची चळवळ उभी राहिली, ती योग्यच होती.

याच्या उलट 'फायनल फँटसी 14'. हा तर हजारोंच्या गर्दीचाच खेळ. पण 2022 पासून त्याच्या मुख्य कथेतल्या भुयारांत माणसांऐवजी संगणकाने चालवलेले सोबती घेऊन जाता येतं. गर्दीवर पोट असलेल्या कंपनीलाही एकट्या माणसाची दखल घ्यावीशी वाटली, हे मला फार बोलकं वाटतं.

मॉन्स्टर हंटरची बाजू इथे अनपेक्षितपणे भक्कम निघाली. जुन्या भागांत गावाच्या मोहिमा आणि संघाच्या मोहिमा अशी सरळ फाळणीच होती. गावाच्या एकट्याने करायच्या, संघाच्या मिळून. निन्टेंडोने 3डीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन सेवा एप्रिल 2024 मध्ये बंद केली, तेव्हा त्यांवरच्या मॉन्स्टर हंटरमधली इंटरनेटवरची सोबत गेली. एकट्याच्या मोहिमा जशाच्या तशा राहिल्या. आणि ज्या 2018 च्या 'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड'ने ही मालिका जपानबाहेर घरोघरी नेली, त्यात एक गंमतच होती. कथेतल्या शिकारीला मित्राला बोलवायचं तर आधी त्या शिकारीतला चित्रपटाचा तुकडा प्रत्येकाने आपापला, एकट्याने पाहून घ्यायचा, मगच भेट. दोन शिकारी असले तरी प्राण्याची ताकद चौघांच्या हिशेबाने वाढायची. दोघांचा वेगळा हिशेब पुढे 'आइसबोर्न' या 2019 च्या पुरवणीत आला. 'मित्रांबरोबर खेळ' म्हणणाऱ्यांनी हे मला सांगितलं नव्हतं.

माझ्यापुढे खरी निवड तीन भागांची आहे. 'वर्ल्ड', 2021 चा 'राइज' आणि फेब्रुवारी 2025 मध्ये आलेला 'वाइल्ड्स'. पहिल्यापासून सगळे भाग खेळायची गरज नाही, गोष्टी एकमेकींत फारशा अडकलेल्या नाहीत. 'वाइल्ड्स' दिसायला देखणा आहे, पण तो आला तेव्हा पीसीवर धड चालत नाही म्हणून जगभर ओरड झाली होती आणि माझा लॅपटॉप तर ऑफिसच्या तक्त्यांनीच धापा टाकतो. 'राइज' मुळात निन्टेंडो स्विचच्या बेताच्या ताकदीसाठी घडवला आणि जानेवारी 2022 मध्ये पीसीवर आला, त्यामुळे तो साध्या यंत्रावरही निभतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यात कामुरा नावाचं गाव आहे आणि गावाच्या मोहिमा फक्त एकट्यासाठी आहेत, त्याही जरा सौम्य. चौघांच्या मोहिमा वेगळ्या ठिकाणी, म्हणजे हबमध्ये, आणि तिथेही एकटी गेले तर प्राण्याची ताकद एकटीच्या हिशेबाने. शिकार करताना बरोबर मांजर आणि कुत्रा. कुत्र्यावर चक्क बसून फिरता येतं. माणसं सोबत असली तर प्रत्येकाला एकच जनावर नेता येतं, एकटीला दोन. मला एवढ्यावरच खेळ विकत घ्यावासा वाटला. शिवाय एकटी असताना तो मध्येच थांबवता येतो. हे क्षुल्लक वाटेल, पण कुकरची शिट्टी, दारावरचा पाववाला आणि मावशी या तिघांना 'एल्डन रिंग'सारखा मोठा गाजलेला खेळ जुमानत नाही, त्यात थांबवण्याचं साधं बटणच नाही. राइजमध्ये शिकारीला 50 मिनिटांची मुदत असते, पण हात बसला की सुरुवातीची शिकार त्याच्या निम्म्यातही उरकते. डाळ शिजून थंड व्हायच्या आत.

विरुद्ध बाजूही आहे. साधारणपणे तीनदा बेशुद्ध पडलं की मोहीम फसते. चौघांत ते तीन सगळ्यांचे मिळून असतात, म्हणजे कोणा अनोळखी पोराने तिन्ही उडवले तरी शिकार सर्वांचीच जाते. एकटीने गेले तर तिन्ही माझे, आणि दोषही माझाच. प्राणी सारखा माझ्याच अंगावर येणार, पाणी प्यायला उसंत नाही. चौघांत एकाने त्याला नादी लावायचं आणि बाकीच्यांनी मागून शेपटी तोडायची, हा जो मिळून केलेल्या चोरीचा आनंद आहे, तो मला मिळणार नाही. त्याची भरपाई मांजर करणार नाही, कुत्राही नाही.

हत्यारांत एक भलं मोठं शिंगवाद्य आहे, हंटिंग हॉर्न. त्यानेच प्राण्याला बडवायचं आणि बडवता बडवता सूर जुळवायचे. सूर जुळला की आसपासच्या शिकाऱ्यांना बळ चढतं. लग्नाच्या बँडमागे वाढलेल्या वसईच्या पोरीला दुसरं हत्यार आवडणं शक्यच नव्हतं. जाणकार म्हणतात हे टोळीचं हत्यार, एकटीने काय वाजवायचं? पण मी नीट तपासलं. ते बळ वाजवणाऱ्यालाही चढतं.

तेव्हा ठरलं. सवलतीच्या दिवसांत 'राइज' घ्यायचा, कारण या कंपनीच्या जुन्या खेळांची किंमत सेलमध्ये चांगली उतरते, पूर्ण दाम मोजण्यात हशील नाही. स्टीम या ऑनलाइन दुकानात खेळ परत करायची मुभा आहे, 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर. मात्र या मालिकेत पहिला तास-दीड तास गावकऱ्यांची ओळख आणि बटणांची शिकवणी यांतच जातो, त्यामुळे त्या मुभेवर विसंबू नका. भाऊ कधी रविवारी मोकळा सापडला तर त्याला हबमध्ये बोलवीन, पण माझी गावाची यादी संपल्यावर.

तुमच्यापैकी कोणी माझ्यासारखी एकटी, माझ्याच वयाची आणि याच कुंपणावर बसलेली असेल, तर गावाच्या मोहिमांपासून सुरू करा, पहिलंच हत्यार शेवटचं समजू नका, आणि माइक बंद ठेवा.