ज्याचें काम त्याच्याकडे

आमच्या वाचकांच्या घरीं आज एक तरी माणूस संगणकाच्या धंद्यांत असतें. तें काय काम करितें असें वडील मंडळीस विचारलें, तर ‘सॉफ्टवेअरमध्यें आहे’ याहून अधिक कांहीं सांगतां येत नाहीं; आणि खुद्द शिकणाऱ्या मुलांस विचारलें तरी पुष्कळदां चार शब्दांपलीकडे गाडी जात नाहीं. ॲब्स्ट्रॅक्शन, एन्कॅप्सुलेशन, इन्हेरिटन्स व पॉलिमॉर्फिझम हे ते चार शब्द. परीक्षेंत त्यांच्या व्याख्या विचारतात, नोकरीच्या मुलाखतींत विचारतात, म्हणून मुलें त्या घोकतात. घोकण्यास आमचा विरोध नाहीं. रूपावली न घोकतां ज्याला संस्कृत आलें असा विद्यार्थी आमच्या पाहण्यांत नाहीं. परंतु विभक्ति चालवितां येणें निराळें आणि स्वतःचें एक शुद्ध वाक्य रचतां येणें निराळें. त्या चार व्याख्या बिनचूक म्हणणारा विद्यार्थी एखाद्या लहानशा संस्थेचा व्यवहार संगणकावर मांडावयास बसला म्हणजे पहिल्याच पावलाला अडखळतो. तो कां अडखळतो व त्यानें काय करावें, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

ही पद्धति जन्मास आली ती नॉर्वे देशांत. ओस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटर या संस्थेंत क्रिस्टन नीगार्ड व ओले-योहान डाल या दोघां विद्वानांनीं ‘सिम्युला’ नांवाची संगणकभाषा रचिली. तिचें प्रगत रूप १९६७ सालचें. रांगेंत उभे असलेले ग्राहक, त्यांची सेवा करणारीं ठिकाणें, प्रत्येक कामास लागणारा वेळ, अशा चालत्या व्यवहाराची प्रतिकृति त्यांना यंत्रांत चालवून पाहावयाची होती. तेव्हां व्यवहारांतील प्रत्येक पात्रास आज्ञावलींतहि एक पात्र द्यावें, आणि त्याची माहिती व त्याचें कर्तृत्व हीं दोन्ही त्याच्याच पदरीं बांधावीं, अशी योजना त्यांनीं केली. हें पात्र म्हणजे ऑब्जेक्ट. आपण त्यास ‘वस्तु’ म्हणूं. अशा अनेक वस्तूंचा जो एक सांचा तो क्लास, म्हणजे ‘वर्ग’. या कार्याबद्दल दोघांस २००१ सालचें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें, आणि पुढच्याच वर्षीं सुमारें सहा आठवड्यांच्या अंतरानें दोघेहि निवर्तले. अमेरिकेंत ॲलन के यांनीं १९७२ पासून झेरॉक्स कंपनीच्या पालो ऑल्टो येथील संशोधनकेंद्रांत ‘स्मॉलटॉक’ या भाषेच्या द्वारें हाच विचार पुढें नेला. ती भाषा शाळेंतल्या मुलांस देऊन पाहिली होती, हें आमच्यासारख्या शिक्षकास विशेष वाटतें. ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ हें नांव के यांचेंच. परंतु आपला खरा भर वस्तूंवर नसून त्यांनीं परस्परांस धाडलेल्या निरोपांवर होता, असें त्यांनीं पुढें स्वतःच सांगितलें आहे.

निरोप म्हणजे काय, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास फोड करून सांगावयास नको. वीस माणसांच्या घरांत कोठीच्या किल्ल्या एकीच्याच कमरेला असत. स्वयंपाकघरांतून निरोप जाई, ‘दोन शेर तांदूळ काढून द्या.’ ते कणगींतून काढले कीं पिंपांतून, हें मागणाऱ्यानें विचारावयाचें नसे. उद्यां कणगी दुसऱ्या कोपऱ्यांत हलविली तरी स्वयंपाकघराला त्याचा पत्ता नसे, आणि पत्ता नसल्यामुळें कोणाचें अडतहि नसे. उलट, कोणीहि उठावें व कोठींत हात घालावा असें झालें म्हणजे एक पिंप सरकविलें तरी घरभर आरडाओरड. एन्कॅप्सुलेशन या भारदस्त शब्दाचें मर्म एवढेंच. डेव्हिड पार्नास यांनीं १९७२ सालच्या एका निबंधांत असें प्रतिपादिलें कीं, आज्ञावलीचे भाग कामाच्या क्रमाप्रमाणें पाडूं नयेत. जो निर्णय उद्यां बदलण्याचा संभव आहे, तो एकेका भागाच्या पोटांत झांकून ठेवावा. पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं, पण नवशिक्यास याहून उपयोगाची दुसरी सूचना आमच्या वाचनांत आली नाहीं.

आतां गांवच्या ग्रंथालयाचें उदाहरण घेऊं, कारण तें कोणाच्याहि डोळ्यांपुढें उभें राहतें. व्यवहार एका वाक्यांत असा: सभासद पुस्तक घरीं नेतो, मुदतींत परत करितो, उशीर झाल्यास दंड भरतो. १९८३ सालीं रसेल ॲबट यांनीं मांडलेली एक युक्ति क्रमिक पुस्तकांतून पुष्कळ शिकवितात. तिचा आशय असा कीं, वर्णनांतील नामें हेरावीं, त्यांवरून वस्तु सांपडतात. क्रियापदें हेरावीं, त्यांवरून त्यांचीं कामें. विद्यार्थी लागलीच सभासद, पुस्तक, मुदत, दंड अशा चार चौकटी आंखतो. आणि येथेंच गुंता सुरू होतो.

कपाटांत दासबोधाच्या तीन प्रती आहेत. जोशीबुवांनीं ‘पुस्तक नेलें’ म्हणजे काय नेलें? ग्रंथाचें नांव व ग्रंथकार ही माहिती तिहींची एकच. दाखल अंक व उसवलेली बांधणी हीं प्रत्येकीचीं निराळीं. सभासद घरीं नेतो ती प्रत. परंतु ‘आलें म्हणजे माझ्यासाठीं ठेवा’ असें सांगून जातो तें ग्रंथाविषयीं; तिहींपैकीं कोणतीहि आली तरी त्यास चालते. म्हणजे ‘पुस्तक’ या एका शब्दाआड ग्रंथ व प्रत असे दोन वर्ग दडलेले होते. तर्कसंग्रह वाचलेला कोणी म्हणेल, ग्रंथ ही जाति व प्रत ही व्यक्ति. दिसतें तसें, पण आहे निराळें. या मांडणींत ग्रंथ हा एक वर्ग, व दासबोध ही त्यांतील व्यक्ति. प्रत हा दुसरा वर्ग, व अमुक दाखल अंकाची ती उसवलेली पोथी ही त्यांतील व्यक्ति. वैशेषिकांची जाति नित्य आहे. ती जगांत असते व आपण ती ओळखतों. येथला वर्ग आपण आपल्या प्रयोजनापुरता कल्पिलेला असतो, आणि प्रयोजन बदललें म्हणजे तो मोडून पुन्हां बांधावा लागतो. रद्दीवाल्यास ग्रंथहि नको आणि दाखल अंकहि नको. त्याला वजन पुरें.

दुसरा गुंता याहून खोल आहे. कोणी, काय, केव्हां नेलें आणि तें केव्हां परत यावयाचें, हें लिहावयाचें कोणाजवळ? प्रतीजवळ लिहिलें तर ती पुढच्या सभासदाकडे गेली कीं मागचा इतिहास पुसला. सभासदाजवळ लिहिलें तर ‘ही प्रत आज कोणाकडे आहे?’ एवढ्या साध्या प्रश्नासाठीं साऱ्या सभासदांचीं दारें ठोठवावीं लागतील. उत्तर ग्रंथालयाच्या टेबलावर पूर्वींपासून पडलेलें आहे. तेथें ‘देवघेव’ या नांवाची एक वहीच असते. नेणें ही क्रिया खरी. परंतु तिला तारीख आहे, मुदत आहे, आरंभ आणि शेवट आहे, म्हणून ती स्वतःच एक वस्तु आहे. यास्काचार्यांनीं निरुक्ताच्या आरंभीं नाम व आख्यात यांचा भेद सांगतांना याचाहि विचार केला आहे: क्रिया चालली असते तोंवर ती आख्यातानें सांगितली जाते, आणि आरंभापासून अखेरपर्यंत पुरी होऊन मूर्त झाली म्हणजे तीच नामानें बोलली जाते. यावरून सारें कांहीं आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें असें म्हणणारांपैकीं आम्ही नव्हे. यास्कांस शब्दांची चिकित्सा करावयाची होती, यंत्राची नव्हे. पण हा भेद ज्याला उमगला, त्याला नामें हेरण्याच्या युक्तीचें अपुरेपण चटकन् ध्यानांत येतें. या व्यवहारांतील सर्वांत महत्त्वाची वस्तु नामांत नव्हतीच. ती ‘नेतो’ या क्रियापदाच्या वेषांत बसली होती.

राहिला दंड. तो काढावयाचा कोणी? नवशिका विद्यार्थी ‘ग्रंथपाल’ नांवाचा एक वर्ग उभा करितो व सारें काम त्याच्या माथीं मारतो. सभासद, प्रत, देवघेव हे सगळे नुसते माहितीचे डबे होऊन राहतात. ज्या घरांत एकच सून राबते व बाकीचीं माणसें पाटावर बसून असतात, त्या घरासारखी ही आज्ञावली. ती सून आजारी पडली कीं चूल बंद. उशीर झाला कीं नाहीं हें देवघेवीसच विचारावें, कारण तारखा तिच्याजवळ आहेत. दिवसाला किती पैसे, हें मात्र तिनेंहि आपल्याजवळ ठेवूं नये. तो नियम वार्षिक सभेंत बदलतो, विद्यार्थ्यांस सवलत मिळते, कधीं सणासाठीं माफीहि होते. म्हणून त्याचें घर निराळें असावें. पार्नास यांची सूचना येथें उपयोगी पडते.

ही वाटणी पुस्तकांतून वाचून येत नाहीं, बोलून येते. केंट बेक व वॉर्ड कनिंगहॅम यांनीं १९८९ सालीं तिच्या शिक्षणाची जी रीत प्रसिद्ध केली, तिला एक पैचाहि खर्च नाहीं असें म्हटलें तरी चालेल. चार इंच रुंद व सहा इंच लांब अशीं जाड कागदाचीं कार्डें घ्यावीं. एकेका कार्डावर एकेका वर्गाचें नांव, त्याचीं कामें, आणि तीं करितांना ज्यांची मदत लागते ते सहकारी, एवढेंच लिहावें. मग चौघांनीं बसून एकेक प्रसंग चालवावा. ‘मी देवघेव. माझी मुदत काल संपली. दंड किती, हें मी नियमाला विचारतें.’ ज्याचें कार्ड बोलतें त्यानें तें हातांत उचलावें. एखादें कार्ड सारखें हातांतच राहूं लागलें किंवा त्यावर लिहावयास जागा पुरेना, म्हणजे समजावें कीं त्या बिचाऱ्यावर भार फार झाला. त्याचे दोन करावे. कार्ड लहान आहे हाच त्यांतला गुण. आमच्या मतें मोठा फळा या कामीं घातक आहे, कारण फळ्यावर कितीहि मावतें.

पोटवर्गांविषयीं एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण संस्कृत किंवा भूमिति चांगली आलेला विद्यार्थीच येथें हटकून घसरतो. भूमितींत चौरस हा आयतच असतो. म्हणून तो ‘आयत’ या वर्गाचा ‘चौरस’ हा पोटवर्ग करितो. आतां आयताला निरोप आला, ‘लांबी दुप्पट कर.’ रुंदी तशीच राहावी व क्षेत्रफळ दुप्पट व्हावें, ही निरोप धाडणाऱ्याची अपेक्षा. त्या जागीं चौरस बसला असेल तर रुंदीहि दुप्पट होऊन क्षेत्रफळ चौपट होईल, नाहीं तर तो चौरसच राहणार नाहीं. बार्बारा लिस्कोव्ह यांनीं १९८७ सालच्या व्याख्यानांत यासाठींच कसोटी घालून दिली: मूळ वर्गाच्या जागीं पोटवर्गाची वस्तु ठेविली तरी तिच्यावर विसंबणाऱ्याची फसगत होतां कामा नये. (यांसहि पुढें २००८ सालचें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें.) भूमितींतली आकृति काळाच्या बाहेर आहे, संगणकांतली वस्तु बदलते, आणि बदल आला म्हणजे केवळ व्याख्येचें साम्य पुरत नाहीं, वागणुकीचें साम्य पाहावें लागतें.

आकृत्यांविषयीं थोडक्यांत. बूच, रम्बॉ व याकॉबसन या तिघांच्या निरनिराळ्या खुणांचा मेळ घालून ‘यूएमएल’ नांवाची आकृतिलिपि तयार झाली व १९९७ सालीं ती प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. तिच्यांत आज चौदा प्रकारच्या आकृत्या आहेत. कामाला दोन-तीन पुरतात. बाकीच्या लागतील तेव्हां शिकाव्या. सुंदर अक्षर म्हणजे निबंध नव्हे.

हल्लीं आणखी एक आक्षेप ऐकूं येतो: सांगितलें कीं यंत्रच आज्ञावली लिहून देतें, मग हा खटाटोप कशाला? यंत्र लिहून देतें हें खरें आहे. पण ‘ग्रंथालयाची व्यवस्था लिही’ एवढेंच सांगितलें, तर ग्रंथ व प्रत निराळीं करावयाचीं कीं नाहीं, मागच्या देवघेवी ठेवावयाच्या कीं पुसावयाच्या, हें कोणी तरी ठरवितेंच. तुम्हीं न ठरविलें तर यंत्र आपल्या मनानें ठरवील. मग तीन वर्षांनीं वार्षिक सभेंत कोणी विचारील, ‘सर्वांत अधिक वाचला गेलेला ग्रंथ कोणता?’ आणि वहींतलीं तीं पानें कधींच लिहिलीं गेलीं नव्हतीं असें आढळून येईल. यंत्रानें लिहिलेलें वाचून ‘हें काम याचें नव्हे’ असें बोट ठेवून म्हणतां येणें, एवढ्याचसाठीं आज ही विद्या पूर्वींपेक्षां अधिक हवी आहे.

घरांत शिकणारीं मुलें असतील तर रविवारीं जेवणानंतर कार्डें घेऊन बसावें; आजीनेंहि एक कार्ड धरण्यास हरकत नाहीं, कोठीचा अनुभव तिलाच अधिक. प्रसंग असा घ्यावा: दासबोधासाठीं दोन सभासद नांव नोंदवून बसले आहेत. तिहींपैकीं एक प्रत परत आली, पण मुदतीनंतर पांच दिवसांनीं, आणि तिचीं शेवटचीं दहा पानें नाहींत. प्रथम कोणतें कार्ड उचलावें, आणि वाट पाहणाऱ्या पहिल्या सभासदास निरोप कोणी धाडावा, कीं धाडूंच नये?