बोटीच्या तळाला रंग कोणता?

ओहोटीला ट्रॉम्बे जेट्टीवर जाऊन बघा, चिखलात टेकलेल्या होड्यांचे तळ दिसतील. पाण्यात राहून तळाला शेवाळ, बार्नेकल चिकटतात. बोट जड होते, डिझेल जास्त जळतं. शर्यतीच्या शिडाच्या बोटीचा तर वेगच जातो. म्हणून विषारी रंग लावतात. पूर्वी त्यात टीबीटी असायचं. त्यानं समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटले (खरंच!). आंतरराष्ट्रीय करारानं २००८ मध्ये त्यावर बंदी आली, २०२३ पासून सायब्युट्रिनवरही. उरलं मुख्यतः तांबं, आणि तेही पाण्यातच उतरतं. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे, शिवाय इथलीच मासळी आपल्या ताटात येते. तळ वारंवार घासणार असाल तर झिजणारा रंग नकोच, कडक घ्या. आणि घासायचं ते किनाऱ्यावर, खाली ताडपत्री अंथरून.