भंगारातल्या गाडीला धावायला जागा द्या

दुसरं महायुद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. इंग्लंडमध्ये पेट्रोल रेशनवर होतं आणि नवी मोटार सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हती. लंडनलगतच्या सर्बिटनमध्ये चार्ल्स कूपर यांचं गॅरेज होतं. त्यांचा मुलगा जॉन आणि त्याचा मित्र एरिक ब्रँडन यांना शर्यतीत उतरायचं होतं, पण शर्यतीची गाडी विकत घ्यायला पैसे नव्हते. 1946 साली त्यांनी फियाट टोपोलिनो या चिमुकल्या मोटारीचे दोन पुढचे भाग मिळवले, चाकं आणि आडव्या पाट्यासकट. ते पाठीला पाठ लावून वेल्डिंगनं जोडले. मधे एका माणसापुरती बैठक केली आणि 500 सीसीचं एका सिलिंडरचं जॅप मोटारसायकल इंजिन बसवलं. मागची चाकं चेननं फिरवायची होती. चेन आखूड आणि सरळ हवी, म्हणून इंजिन चालकाच्या पाठीमागे गेलं.

त्या काळी शर्यतीच्या बहुतेक सगळ्या गाड्यांचं इंजिन पुढे असायचं. कूपर बापलेकांनी कोणताही सिद्धांत मांडला नव्हता. हाताशी जे होतं त्यात सोयीचं ते केलं. पण गाडी हलकी झाली आणि वळणावर नेमकी चालू लागली. 1948 मध्ये स्टर्लिंग मॉस या कोवळ्या पोरानं कूपर 500 घेऊन आपली कारकीर्द सुरू केली. 1959 आणि 1960 अशी लागोपाठ दोन वर्षं जॅक ब्रॅबहॅम मागे इंजिन असलेल्या कूपर गाडीतून जगज्जेता झाला. 1961 पर्यंत फेरारीलाही इंजिन मागे न्यावं लागलं. आजही फॉर्म्युला वनच्या प्रत्येक गाडीत इंजिन चालकाच्या पाठीमागेच असतं.

ही एकच गोष्ट असती तर योगायोग म्हणून सोडून देता आली असती. पण कॉलिन चॅपमननं लोटसची पहिली गाडी 1948 मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवर उभी केली. न्यूझीलंडच्या ब्रूस मॅक्लारेननं पोरवयात गाडीचं तंत्र शिकून घेतलं तेही जुन्या ऑस्टिन सेव्हनवरच. मोडक्या गाडीचे भाग घेऊन एकट्यापुरती वेगवान गाडी बांधणं ही यंत्रविद्येची एक खरी शाळा आहे आणि तिनं जगाला अव्वल दर्जाचे अभियंते दिले आहेत. महाराष्ट्रात या शाळेत जाण्याची इच्छा आणि कुवत असलेली मुलं तालुक्यातालुक्यात आहेत. शाळेला जागा मात्र नाही, आणि ती देणं आपल्या हातात आहे.

अमेरिकेत हा नाद कॅलिफोर्नियात वाढला. जुनी फोर्ड घ्यायची, मडगार्ड, बंपर, छप्पर असं जे जे वजन वाढवतं ते उतरवायचं आणि इंजिन मात्र जोमदार बसवायचं, ही हॉट रॉडची रीत. 1932 मध्ये फोर्डनं स्वस्त गाडीत व्ही-एट इंजिन दिलं आणि काही वर्षांत तेच इंजिन ठोकलेल्या गाड्यांतून उचलून पोरांच्या हाती आलं. लॉस एंजेलिसच्या पलीकडे म्युरॉक, एल मिराज अशी कोरड्या पडलेल्या तळ्यांची सपाट मैदानं होती. तिथे गाड्या पळायच्या. 1937 मध्ये तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन संघटना बांधली, ती वेळ अचूक मोजण्यासाठी आणि शिस्त राखण्यासाठी.

या मंडळींतल्या बिल बर्कची गाडी तर आजही थक्क करते. युद्धात लढाऊ विमानांच्या पोटाखाली जादा इंधनाच्या टाक्या टांगलेल्या असत. त्यांचा निमुळता, थेंबासारखा आकार बर्कच्या डोक्यात बसला. युद्ध संपल्यावर त्या टाक्या लष्करी भंगारात स्वस्तात मिळू लागल्या. 1946 मध्ये त्यानं पी-51 मस्टँगची 165 गॅलनची टाकी घेऊन गाडी केली. ती अरुंद पडली. मग पी-38 लाइटनिंगची 315 गॅलनची टाकी घेतली, चालकाला आत पुढे बसवलं आणि फोर्डचं इंजिन मागे ठेवलं. हवा कापण्याचं काम विमानाच्या अभियंत्यांनी आधीच करून ठेवलं होतं. ते या कामाला चालेल हे ओळखण्याची नजर बर्ककडे होती. त्याच धाटणीची, सो-कॅल स्पीड शॉपच्या ॲलेक्स झायडियसची टाकीगाडी 1952 मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी 300 किलोमीटरच्या पुढे गेली.

हे सगळं कौतुकाचंच होतं असं नाही. ही पोरं रात्री सार्वजनिक रस्त्यांवरही शर्यती लावत. अपघात होत, वर्तमानपत्रं संतापत, पोलीस मागे लागत. तेव्हा तिथल्या जाणत्या माणसांनी जे केलं ते महाराष्ट्रानं नीट पाहावं. 1950 मध्ये सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर रविवारी रीतसर शर्यती सुरू झाल्या. 1951 मध्ये वॉली पार्क्सनं राष्ट्रीय हॉट रॉड संघटना काढली. गाडी तपासल्याशिवाय मैदानावर सोडायची नाही, हा तिचा पाया होता. पोरांना जागा मिळाली आणि जागेबरोबर नियमही आले.

आपल्या देशातही हे करून दाखवणारा एक माणूस होऊन गेला. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस मारुती 800चं इंजिन वापरून एकआसनी शर्यतीची गाडी तयार केली आणि ‘फॉर्म्युला मारुती’ हा वर्ग सुरू झाला. मारुतीचे सुटे भाग गावोगाव मिळत होते आणि कोणताही मेकॅनिक ते इंजिन उघडू शकत होता, म्हणून हा खेळ अनेकांच्या आवाक्यात आला. नारायण कार्तिकेयननं सुरुवात याच गाड्यांतून केली आणि 2005 मध्ये तो फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय चालक ठरला. करिवर्धन 1995 मध्ये विमान अपघातात गेले. कोइमतूरजवळच्या ट्रॅकला आज त्यांचं नाव आहे.

आणि महाराष्ट्र? इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात ‘मीरा’ ही छोटी मोटार स्वतः घडवायला घेतली. पुढची कित्येक वर्षं ते तिच्यात सुधारणा करत राहिले. परवान्यांच्या त्या राज्यात तिचं उत्पादन कधी सुरूच झालं नाही. 2021च्या डिसेंबरमध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार देशभर गाजले. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. लोहारांनी सुमारे साठ हजार रुपयांत, भंगारातले भाग जोडून, पायानं किक मारून सुरू होणारी चारचाकी केली होती. तिची चित्रफीत पाहून आनंद महिंद्रांनी मनापासून दाद दिली. ही गाडी नियमांत बसत नाही, स्थानिक यंत्रणा ती आज ना उद्या थांबवणारच, असंही त्यांनी लिहिलं आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात ती लोहार कुटुंबाला मिळाली.

महिंद्रांनी दिलदारपणा दाखवला, यात शंका नाही. पण या प्रसंगाचा खरा अर्थ पुरेसा बोलला गेला नाही. ज्या माणसानं गाडी घडवली, त्याला ती रस्त्यावर चालवण्याचा परवडेल असा एकही कायदेशीर मार्ग या देशात नव्हता. त्याच्या गाडीच्या नशिबी नुसतं पाहण्यापुरतं उभं राहणंच होतं. एखाद्या उद्योगपतीच्या नजरेला न पडलेल्या कारागिराला तर तेवढंही मिळत नाही.

कायदा काय म्हणतो ते बघू. मोटार वाहन कायदा 1988 मधलं कलम 52 गाडीच्या कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही मनाई आणखी स्पष्ट केली. नव्या घडणीच्या गाडीला पासिंग हवं असेल तर तिचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मंजूर करून घ्यावा लागतो. हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी ही पद्धत योग्यच आहे. एकच गाडी बांधणाऱ्या मिस्त्रीला तिचा खर्च परवडणं शक्य नाही.

यावर पहिला आक्षेप येतो सुरक्षिततेचा, आणि तो शंभर टक्के खरा आहे. भंगारातून काय घ्यावं आणि काय घेऊ नये, इथेच जीव वाचतो किंवा जातो. इंजिन, गिअरबॉक्स, स्टेअरिंगची रॅक, हब, रिम या वस्तू तपासून जुन्या घेता येतात. ब्रेकचे होज, मास्टर सिलिंडरची सीलं, टाय रॉडची टोकं, टायर आणि सीटबेल्ट नवेच हवेत. चालकाच्या डोक्यामागची कमान सीमलेस पाइपचीच हवी, गंजक्या खाटेच्या पाइपची चालत नाही. गॅल्वनाइज्ड पाइप तसाच वेल्ड केला तर जस्ताचा धूर छातीत जातो. चासीला आधी नुसते टाके मारून दोन्ही कर्ण मोजायचे असतात. ते जुळले नाहीत आणि तशीच पक्की वेल्डिंग केली, तर गाडी जन्मभर एका बाजूला ओढते. चेननं फिरणाऱ्या सलग ॲक्सलला डिफरन्शियल नसतं, त्यामुळे वळणावर आतलं चाक घासत जातं. पुढची चाकं किती वळवायची याचा हिशेब त्यासाठीच चोख लागतो. कोणत्याही शिक्षकानं फळ्यावर कितीही छान शिकवलं तरी हे ज्ञान हातानं गाडी बांधल्याखेरीज अंगात मुरत नाही.

म्हणूनच मागणी मोकाट सोडण्याची नाही, तपासून घेण्याची आहे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते. ब्रेक, स्टेअरिंग, सीटबेल्ट, दिवे, धूर असं सगळं बघितलं जातं. वेगवेगळ्या जुन्या भागांची असल्यामुळे जिचं वय किंवा मूळ ठरवता येत नाही, अशा गाडीला ‘क्यू’ अक्षरानं सुरू होणारा नंबर मिळतो. न्यूझीलंडमध्ये कमी संख्येनं बनणाऱ्या किंवा बदललेल्या गाड्यांसाठी वेगळी प्रमाणपत्र-व्यवस्था आहे. कॅलिफोर्निया प्रदूषणाबाबत अमेरिकेतलं सर्वांत कडक राज्य. तिथेही अशा खास बांधणीच्या 500 गाड्यांना दरवर्षी सवलतीनं नोंदणी देणारा कायदा आहे. हवेचीही काळजी घ्यायची आणि कारागिरांचीही, हे एका साध्या संख्येच्या मर्यादेनं साधलं आहे.

आपल्याकडे थोडी सुरुवात झालेली आहे, हे मान्य करायला हवं. 2007 पासून पिथमपूरला ‘बाहा’ स्पर्धा होते. तिथे अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेली एकआसनी गाडी खडकाळ वाटेवर पळवतात. महाराष्ट्रातली महाविद्यालयं तिथे हिरिरीनं उतरतात. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या शर्यती झाल्या आहेत. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे. पण बाहामध्ये उतरायला महाविद्यालयाचं ओळखपत्र लागतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभा असलेला, आयटीआय झालेला टर्नर तिथे जाऊ शकत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कटिंगच्या गाड्यांतून नेमका गिअरबॉक्स डोळे झाकून ओळखणारा पोरगा जाऊ शकत नाही. बारावीनंतर शिकता न आलेली, पण गॅरेजात दहा वर्षं घालवलेली मुलगी किंवा मुलगा जाऊ शकत नाही. ब्रिटनमधल्या जुन्या ऑस्टिनवाल्यांचा 750 मोटर क्लब 1939 मध्ये निघाला, तो कमी पैशात मोटारीचा नाद करू पाहणाऱ्या सामान्य लोकांचा. चॅपमनसारखा माणूस अशा मोकळ्या वातावरणात पुढे आला. आपण मात्र दाराशीच पदवी विचारतो आणि ज्यांचे हात सर्वांत तयार आहेत त्यांनाच बाहेर ठेवतो.

कायदा बदलेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायच्या खास गाड्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतूनच वगळलेल्या आहेत. म्हणजे रस्त्यावर न येणाऱ्या गाडीसाठी मोठं, कुंपणाचं मैदान, जाणता तपासनीस, रुग्णवाहिका आणि विमा एवढं जमवलं तरी पुष्कळ होईल. राज्यात कमी वापराच्या धावपट्ट्या आहेत, औद्योगिक वसाहतींत मोकळी आवारं आहेत. तपासायला माणसंही आहेत. सांगलीचं वालचंद महाविद्यालय, पुण्याचं सीओईपी, माटुंग्याचं व्हीजेटीआय इथल्या यंत्र विभागांना चासी आणि ब्रेक तपासणं अवघड नाही. दरवर्षी हिवाळ्यात दोन दिवसांची, सर्वांना खुली स्पर्धा घ्यावी. इंजिनाची मर्यादा 800 सीसी, एकच आसन आणि खर्चाला ठरावीक कमाल आकडा. भंगारातून घेतलेल्या प्रत्येक मोठ्या भागाची पावती दाखवणं सक्तीचं करावं, म्हणजे चोरीच्या गाड्यांचे भाग आपोआप बाहेर राहतील.

रस्त्यावरच्या नोंदणीचे नियम केंद्राचे आहेत. तिथे महाराष्ट्रानं पुढाकार घेऊन एकेका गाडीच्या तपासणीचा प्रस्ताव पाठवावा, सुरुवातीला वर्षाला शंभर गाड्यांपुरता. ज्या राज्यात एआरएआय आहे, ज्या राज्यात देशातले कितीतरी मोटार कारखाने आहेत, त्यानंच हे मागायला हवं. आणि महाविद्यालयांच्या प्राचार्यांना थेट विनंती: येत्या हिवाळ्यात एका शनिवार-रविवारपुरतं आपलं मैदान उघडा, आणि आमंत्रण पाठवताना शहरातल्या गॅरेजांना पहिलं पत्र टाका.